घंटा रोमला गेल्या होत्या

१

येसेनोव्हमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घंटा रोमला जातात. जात कुठेच नाहीत, चर्चच्या मनोऱ्यातच असतात. पण गुरुवारची प्रार्थना झाली की ओन्द्रा काका त्यांचे दोर वर गुंडाळून बांधून ठेवतात आणि शनिवारी रात्रीपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. मधल्या काळात दुपार झाली, संध्याकाळ झाली हे सांगायला गावातली पोरं लाकडी खडखडे फिरवत गल्लीबोळांतून जातात. कानठळ्या बसतात, पण कुणी कुरकुर करत नाही. येशूला धरून देणाऱ्या यूदाला हुसकावून लावायचं असतं ना.

शुक्रवारी दुपारी ब्लाझेनाने आईच्या पलंगापाशी स्टूल ओढलं आणि त्यावर वाचनालयाचा टेपरेकॉर्डर ठेवला. ती वाचनालयात कामाला होती. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, स्वभावाने सरळसोट. भुताखेतांच्या पुस्तकांचं कपाट तिच्याच ताब्यात होतं आणि ते झटकताना तिला धुळीची शिंक सोडून दुसरा त्रास कधी झाला नव्हता.

"केस नीट आहेत का गं माझे?" आईने, म्हणजे हेर्मीनाबाईंनी विचारलं.

"आई, टेप आहे ही. फोटो नाही काढत."

"मग काय झालं? विस्कटलेलं माणूस आवाजातसुद्धा कळतं."

ब्लाझेनाने केस सारखे केले. ताटलीत कालचे पाव उरले होते, दोरासारखे पीळ दिलेले. यूदाने ज्या दोराने फास घेतला त्याची आठवण म्हणून गुरुवारी ते मधाशी खायचे असतात. आईने एक तुकडा चघळून संपवला, ओठ पुसले आणि बोलायला लागली. काय बोलणार हे ब्लाझेनाला पाठ होतं. या घरात ते दर गुड फ्रायडेला म्हटलं जायचं, जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं.

शंभर वर्षांपूर्वी याच दिवशी धोबिणीची मुलगी आमाली जंगलाच्या कडेला गळा चिरलेली सापडली होती. ज्यू लोक सणासाठी ख्रिस्ती रक्त काढतात, ही थाप तेव्हा बाजारात गरम पावासारखी खपत होती, त्यामुळे खुनी शोधायला गावाला फार चालावं लागलं नाही. ज्यू गल्लीत मोरित्स पिक नावाचा छत्र्या दुरुस्त करणारा तरुण राहत होता. त्याच्याविरुद्ध पुरावा एकच, ब्लाझेनाच्या आजोबांची, माटेयची साक्ष, की पिक त्या संध्याकाळी कोटात हात लपवून जंगलाकडून आला; त्या हातात सुरीच असणार, हे कोर्टाने धरून चाललं. पिकला फाशीची शिक्षा झाली, तिची पुढे जन्मठेप झाली, आणि तरुणपण तुरुंगात संपल्यावर बादशहाने त्याला माफी देऊन सोडलं. परक्या गावात कुठेतरी तो मेला. निकाल मात्र तसाच राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी अख्खी ज्यू गल्ली गाड्यांत भरून नेली आणि त्यांतलं येसेनोव्हला कुणी परतलं नाही. तेव्हाही गावाने ब्र काढला नाही. पिकच्याच गल्लीतली माणसं ती, असं म्हणून लोक जेवायला बसले.

आता पिकच्या बहिणीची नात इर्माबाई ब्रनो शहरातून खेपा घालत होती. "बादशहाने माफी दिली," ती ब्लाझेनाला म्हणाली होती, "पण माफी गुन्हेगाराला देतात. मला माफी नको, तो शब्द खोडून हवाय. कोर्ट म्हणतं काही नवीन असेल तर आणा. शंभर वर्षांनी नवीन काय आणू, सांगा." माटेयच्या तोंडून ती साक्ष ऐकलेली हेर्मीनाबाई एकटीच जिवंत होती. ब्लाझेनाने शब्द दिला होता की आईचं बोलणं टेप करीन, शनिवारी जुन्या सिनगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या सभागृहात सर्वांसमोर वाजवीन आणि मग टेप तुमच्या हातात देईन. त्यात नवीन काही निघेल असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं.

"बाबा सांगायचे," आई म्हणाली, "गुड फ्रायडेची संध्याकाळ होती. मी आमच्या बांधावर उभा होतो. संध्याकाळची घंटा वाजायला लागली. मी टोपी काढली, छातीवर क्रॉसची खूण केली आणि मान वर केली. समोर भूर्जाच्या झाडांखालून मोरित्स पिक येत होता. त्याचा उजवा हात कोटात होता. देवाशपथ."

नेमकी त्याच वेळी खडखडेवाली पोरं खिडकीखाली आली आणि असा काही गदारोळ झाला की स्टुलावरचा चमचा थरथरला. ब्लाझेना वैतागली. आता सगळं पुन्हा करावं लागणार, असं तिला वाटलं. पण आई दमून डोळे मिटून पडली होती, म्हणून तिने यंत्र बंद केलं आणि ते उचलून ती वाचनालयात गेली.

२

वाचनालयाला सुटी होती. तिने दार आतून लावलं आणि टेप सुरू केली.

आईचा आवाज स्वच्छ आला होता. केसांचं बोलणं, पाव चघळणं, सगळं. बांधावर उभं राहण्याची जागा आली तशी ब्लाझेनाने खडखड्यांच्या कल्लोळासाठी कान आधीच आवळून घेतले. खडखडे आलेच नाहीत. आईच्या आवाजामागे घंटा वाजत होती.

मोठी, जड, सावकाश. 'टोपी काढली' म्हणेपर्यंत लांब होती, 'मान वर केली'च्या वेळी जवळ आली आणि 'देवाशपथ'ला थांबली.

ब्लाझेनाने टेप मागे नेली आणि पुन्हा ऐकली. पुन्हा तेच. टेपवर आधी काही भरलेलं असेल म्हणावं, तर नव्या कॅसेटवरचा कागद तिने स्वतः नखाने फाडला होता. शेजाऱ्यांचा टीव्ही असेल म्हणावं, तर शेजारी मुलीकडे गेले होते. दुसऱ्या गावची घंटा वाऱ्यावर आली असेल म्हणावं, तर दुसऱ्या गावच्या घंटाही रोमलाच गेल्या होत्या. आणि वाऱ्याने घंटा आणली हे मानलं तरी खिडकीखालचे खडखडे कुणी नेले?

ती थेट चर्चमध्ये गेली. ओन्द्रा काका पायरीवर बसून मेणबत्त्यांचं गळलेलं मेण खरवडत होते. ब्लाझेनाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यामुळे तिची थट्टा करायचा त्यांना हक्कच होता.

"काका, दुपारी घंटा वाजवली का कुणी?"

"घंटा रोमला गेल्यात बाई. पोपकडे चौकशी कर, मला कशाला विचारतेस?"

"चेष्टा नको. मला ऐकू आली."

"तुझ्या वयात कान वाजायला लागतात. माझे तर आता वाजायचेही बंद झालेत."

तरी ते उठले आणि त्यांनी तिला मनोऱ्याच्या तळाशी नेलं. दोर वर हुकाला वेटोळं घालून बांधलेला होता. गाठीवर धूळ बसायला वेळ नव्हता झाला, पण ती गाठ काकांचीच होती, त्यांच्यासारखीच आडदांड.

"आणि हे बघ," काका म्हणाले, "गुड फ्रायडेला घंटा वाजली असती तर अख्खं गाव माझ्या दारात उभं राहिलं असतं. इथं पोरं चालायला शिकायच्या आधी हे शिकतात. या दिवशी घंटा वाजत नाही. कधीच वाजलेली नाही."

ते हसत म्हणाले, पण बोलता बोलता त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी ब्लाझेनाकडे पाहिलं, मग घाईघाईने मेणाचं भांडं उचललं आणि आत निघून गेले.

ब्लाझेना तिथेच उभी राहिली. कधीच वाजलेली नाही. मग शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी कोणती घंटा ऐकून टोपी काढली? जन्मापासून कानावर पडलेलं वाक्य ते. ऐकून ऐकून इतकं गुळगुळीत झालेलं, की त्यातल्या शब्दांना अर्थ असतो हेच ती विसरली होती. घंटा वाजली नाही तर टोपी निघत नाही, मान वर होत नाही, आणि भूर्जाखालून कुणी येत नाही. एवढी उघडी गोष्ट आपल्याला पन्नास वर्षं दिसली नाही याची तिला लाज वाटली आणि पाठोपाठ भीती वाटली.

३

आई जागी होती. ब्लाझेनाने काही न बोलता टेप लावली.

घंटा सुरू झाली तशी म्हातारीने उशीवरून डोकं उचललं. "ही मोठी घंटा," ती म्हणाली. "मारिया. जर्मनांनी तोफा ओतायला नेली ती. आताची तर पत्र्यासारखी वाजते. तुला कुठं मिळाला गं हिचा आवाज?"

"मला नाही मिळाला. तू बोलत होतीस, मागे ती वाजत होती."

 बाहेर कुठेतरी एखादा खडखडा किरकिरला आणि थांबला.

"आई, त्या दिवशी घंटा नव्हत्या वाजत."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून." आईचा आवाज अगदी साधा होता, दूध नासल्याचं सांगावं तसा. "आमच्या दादाला खडखडा दिला होता. मी बाबांना विचारलं, घंटा रोमला गेलेल्या असताना तुम्हाला ऐकू कशी आली? बाबांनी थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढी एकदाच. मग स्वतःच रडायला बसले. पुन्हा मी नाही विचारलं."

"आणि कोर्टात? कोर्टात कुणीच विचारलं नाही?"

"कोण विचारणार? न्यायाधीश काय आभाळातून पडला होता? तोही लहानपणी खडखडा घेऊन पळालाच असेल. पंच, वकील, पाद्री, बाकावर बसलेलं अख्खं गाव. सगळ्यांना माहीत होतं, ब्लाझेना. सगळ्यांना."

आपल्याकडे म्हणतात, खोट्याच्या कपाळी गोटा. येसेनोव्हमध्ये तो गोटा भलत्याच्याच कपाळी बसला, आणि मारणारे एकमेकांकडे न बघता घरी गेले.

"पुसून टाक ते," आई म्हणाली.

"इर्माबाईला हेच हवंय. हेच नवीन आहे. याच्यावर निकाल फिरेल."

"आणि माझ्या बापाचं काय? आमालीच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलंय, प्रामाणिक माणूस म्हणून. त्याच्या कबरीशेजारी माझी जागा ठेवलीय. उद्या लोक त्या दगडावर थुंकतील आणि मी खाली पडून ऐकत राहीन. मी मेल्यावर काय करायचं ते कर."

"तू मेल्यावर ऐकवणार कोण, आई?"

आईने नुसता हात हलवून तिला जायला सांगितलं.

४

दिवस कलायला लागला तेव्हा ब्लाझेना बांधावर पोचली. तिला कुठलंही भूत बघायचं नव्हतं. तिला फक्त मोजूनमापून पटवून घ्यायचं होतं, की आजोबा जिथे उभे होते तिथून माणूस ओळखू येतो की नाही. येत असेल तर घंटेचं काय ते विसरता येईल, आजोबांच्या डोक्यात वेळेचा घोटाळा झाला असेल म्हणता येईल. तेवढी फट तिला हवी होती, आईसाठी.

शेत ओलं होतं. पलीकडे उताराखाली जंगलाची काळी कड आणि तिच्यापुढे भूर्जाची पांढरी खोडं. ब्लाझेनाने चष्मा पुसून लावला. झाडांपाशी कुंपणाचा एक खांब होता. तो खांब आहे हे तिला ठाऊक होतं म्हणून दिसला. नाहीतर बाई, बैल, काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिथे उभ्या माणसाचा चेहरा कुणालाही दिसला नसता. भर दुपारीसुद्धा नाही.

गावाकडून खडखडे ऐकू येत होते. संध्याकाळची फेरी सुरू झाली होती. तिला बरं वाटलं, पोरांचा तो कर्कश गोंगाट आपला वाटला. वळून घरी जावं म्हणून तिने पाय उचलला आणि खडखडे थांबले. हळूहळू विरले नाहीत. दार लोटावं तसे बंद झाले.

मग मारिया वाजली.

आवाज मनोऱ्याकडून आला नाही. तो जमिनीतून आला, तिच्या बुटांच्या तळव्यांतून वर चढला. ब्लाझेनाने स्वतःला बजावलं की ऐकायचं नाही, आणि तेवढ्यात तिचा उजवा हात कपाळाकडे गेला, छातीकडे आला, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर फिरला. तिने तो उचलला नव्हता. मान खाली गेली. मग मान वर झाली.

भूर्जाखालून कुणीतरी येत होतं.

माणूस होता एवढं खरं. उजवी बाजू आखडलेली, कोपर दुमडलेलं. चेहऱ्याच्या जागी झाडांच्या खोडांसारखाच फिका रंग, त्यात काही रेखलेलं नाही. शंभर वर्षांत तो चेहरा कुणी पाहिलाच नव्हता, मग असणार कुठून? ब्लाझेनाला हे सगळं समजत होतं. चेहरा दिसत नाही हे ती मनात म्हणत होती. आणि त्याच क्षणी तिची जीभ टाळूला लागली, ओठ मिटले आणि तोंडातून शब्द बाहेर पडले, "मोरित्स पिक."

तिला खात्री होती. तो तोच होता. तिने कोर्टात शपथेवर सांगितलं असतं.

या खात्रीची तिला जी भीती वाटली ती त्या आकृतीचीही वाटली नव्हती. कारण ती खात्री कुठून आली ते तिला कळत होतं. ती तयार होती, आईच्या दुधाबरोबर आलेली, फक्त समोर कुणीतरी यायची वाट बघत बसलेली.

नाव ऐकून तो थांबला. हाक मारल्यावर माणूस थांबतो तसा. मग त्याने तिच्या दिशेने वळायला सुरुवात केली. वळला की त्या कोऱ्या जागी काहीतरी दिसेल, हे ब्लाझेनाच्या ध्यानात आलं आणि ती धावत सुटली. चिखलात एक बूट गेला तरी ती थांबली नाही. गावाच्या वेशीवर खडखडे तसेच चालू होते, मधे थांबलेच नव्हते असे.

५

शनिवारी दुपारी निघताना तिने आईच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

"पुसलीस?" आईने विचारलं.

"नाही."

आई भिंतीकडे वळली. ब्लाझेना दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला. "मग आवाज मोठा ठेव. मागच्यांना ऐकू जात नाही."

सिनगॉगमध्ये लढाईनंतर धान्याचं कोठार होतं; आता रंग देऊन, खुर्च्या मांडून सभागृह केलं होतं. उंच खिडक्या, दगडी भिंती, आणि कितीही पुसलं तरी न जाणारा धान्याचा वास. जवळजवळ सगळं जुनं गाव आलं होतं. पहिल्या रांगेत इर्माबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. नगराध्यक्ष श्क्रोब टाय सावरत म्हणाले, "आपल्या गावाचा हा दुःखद इतिहास आहे. दोन्ही बाजूंना दुःख होतं." मग त्यांनी ब्लाझेनाला खूण केली.

तिने आवाज मोठा ठेवला आणि कळ दाबली. काहीच ऐकू येऊ नये, सगळं आपल्याच कानांतलं निघावं, असं तिला एकदा वाटून गेलं.

आई बोलायला लागली. बांध आला. आणि मारिया वाजली, दगडी भिंतींवर आपटत, छतापर्यंत भरून.

ब्लाझेना लोकांकडे तोंड करून उभी होती, म्हणून तिला दिसलं. रांगेमागून रांग हात वर गेले. कपाळ, छाती, खांदे. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. ओन्द्रा काकांनीही काढली आणि छातीशी धरली. मग सगळ्यांच्या माना वर झाल्या. देवाशपथ, असं आई म्हणाली आणि टेप खरखरत राहिली.

"छान," श्क्रोब म्हणाले. "फारच छान जपून ठेवलंय. आता बाहेर वाइन आणि खाण्याचं..."

"ती घंटा कसली वाजली?" इर्माबाईने विचारलं. ती शहरातली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "आणि सगळ्यांनी हात का लावले छातीला?"

श्क्रोबांनी तिच्याकडे हसून पाहिलं. "घंटा? कसली घंटा?"

कुणी हललं नाही. टोप्या अजून हातांत होत्या. सगळे मूग गिळून बसले होते, आणि कसं बसायचं ते कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. इर्माबाईने या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पर्सवरची तिची पकड ढिली झाली. आपलीच चूक झाली असेल, असं तिला वाटायला लागलं होतं. ब्लाझेनाने ओन्द्रा काकांकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे बघत होते. असंच झालं असणार तेव्हा, तिला वाटलं. अगदी असंच, इतक्या शांतपणे.

तेव्हा तिला शेवटच्या रांगेमागे, दाराच्या चौकटीत कुणीतरी उभं दिसलं. उजवं कोपर दुमडलेलं होतं. तिने चेहऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तर ओठांवर नाव येईल, हे तिला माहीत होतं. तिने नजर त्या कोपरावर ठेवली आणि बोलायला लागली. आवाज फाटका निघाला.

"घंटा वाजली. तुम्ही सगळ्यांनी ऐकली. ही घंटा गुड फ्रायडेला वाजत नाही आणि तेव्हाही वाजली नव्हती. त्या दिवशी घंटा रोमला गेल्या होत्या."  आई, तो दगड, ती जागा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "माझ्या आजोबांनी टोपी काढली नाही. मान वर केली नाही. माटेयने त्या संध्याकाळी कुणालाही पाहिलं नाही. आणि हे या गावात प्रत्येकाला माहीत होतं."

कुणीतरी खोकलं. एक खुर्ची करकरली. ओन्द्रा काका उठून उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडून अगदी बारीक आवाज निघाला, "खरं आहे." इर्माबाईने तोंडावर हात ठेवला. बाकी सगळे समोर बघत राहिले. मागे वळून कुणीच पाहिलं नाही.

दारातलं ते कोपर सरळ झालं. कोटातून हात बाहेर आला, सावकाश, खूप दिवस एकाच जागी ठेवून आखडल्यासारखा. मनगट वळलं. बोटं एकेक करून उघडली.

हातात काहीच नव्हतं.